हात तोच

करंजवडे नगरपरिषदेच्या मतमोजणी कक्षाची दारं सकाळी आठला आपोआप बंद झाली. निकाल किंवा निकालाला नकार नोंदवल्याशिवाय ती उघडणार नव्हती. राज्याच्या अनुदानाची तशी अटच होती, आणि त्याच अनुदानातून ‘दाबवाचक’ यंत्र आलं होतं.

“मतदार पसंतीचे आकडे पेनाने लिहितो,” अभियंता इरफान मुजावर सांगत होता. “त्याचा दाब कागदाच्या तंतूंत उतरतो. प्रत्येक हाताचा दाब वेगळा. एकाने दहा पत्रिका भरल्या, तर यंत्र त्या बाजूला काढतं.”

मुख्याधिकारी वैजयंती कोळंबकर यांनी मान डोलावली. मागच्या खेपेला एकाच हाताने भरलेले गठ्ठे निघाले, तेव्हापासून त्या अनुदानामागे लागल्या होत्या.

दुपारपर्यंत सगळ्या पत्रिका वाचून झाल्या. आता उमेदवारांचे प्रतिनिधी चाचणीसाठी हाताने लिहिलेला कुठलाही कागद यंत्रात घालू शकत होते. त्यांतले एक, ढेरंगे, उठले. पिशवीतून एका बाईने लिहिलेला नळजोडणीचा जुना अर्ज काढून त्यांनी आत सरकवला. पडद्यावर एक मतपत्रिका उमटली. खाली दोन शब्द : ‘हात तोच’.

“म्हणजे सुताराची शेवंता आमच्या विरोधात,” ते शांतपणे म्हणाले. पिशवीत अजून तीनचारशे अर्ज होते.

“बंद करा ते!” वैजयंती ओरडल्या.

“होत नाही, मॅडम,” इरफान म्हणाला. “एक तर निकाल नोंदवा, नाहीतर नकार. नकार दिलात तर दाबाचे ठसे पुसले जातील आणि दार उघडेल. पण जे द्याल ते तुमच्या अक्षरात हवं, आणि यंत्रातूनच.”

वैजयंतींनी नकार लिहिला. कागद आत घातला. पडद्यावर त्यांची स्वतःची मतपत्रिका आली. पहिली पसंती ढेरंग्यांच्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला होती.

“या तर पक्षपाती अधिकारी!” ढेरंगे हसले. “यांचा नकार कसा चालेल?”

इरफानने नियम पाहिला. “खरंय. मत उघड झालं की अधिकार संपतो. आता पुढचे ज्येष्ठ.”

सहायक अधिकारी घोसाळकरांनी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. “मीही इथलाच मतदार आहे,” ते म्हणाले. “मी निकाल लिहिला काय, नकार लिहिला काय...”

त्यांच्या मागे बसलेले अकराही कारकून गावचेच होते. सगळ्यांनी मत दिलं होतं.

ढेरंग्यांनी पिशवी खाली ठेवली. ते दारापाशी गेले आणि दोन्ही हातांनी दार ढकलू लागले.