डोळे आखायच्या आधी

जिन्यात त्याची छत्री माझ्या ओढणीत अडकली. ती सोडवता सोडवता त्याने विचारलं, "उद्या फेर किती वाजता हो?"

बघा! माणूस पहिल्या भेटीत नाव विचारतो. याने आमच्या नाचाची वेळ विचारली. मी तिथंच ओळखलं— हाच तो खालचा आदेश.

आदल्याच दिवशी घरमालक हैबतराव येऊन गेले होते. "मनाली, खालच्या आदेशची तक्रार हाय. तुम्ही बायका वर नाचता, त्याची झोप होत नाय." गौरी-गणपतीला महिना उरला होता. माझ्या हॉलमध्ये एकही खुर्ची नाही, म्हणून सगुणाकाकू आणि गल्लीतल्या बायका गौरीचा फेर बसवायला माझ्याकडे जमायच्या. आता फेर म्हटला की पाय आपटणारच ना!

पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. लॅबमधल्या नोकरीसाठी पेणला एकटी राहायला निघाले, तेव्हा बाबांनी बजावलं होतं, "एक तक्रार आली की सामान बांधायचं नि गावी, खांबला परत यायचं." परत म्हणजे काय, तर नोकरी बंद आणि कांदेपोहे सुरू.

"सहाला," मी म्हटलं. "का? कानात घालायला कापूस आणताय?"

"नाय हो... सहज." तो हसला. गालाला चक्क खळी!

सहज म्हणे. चोराच्या मनात चांदणं.

आदेश मूळचा रोह्याचा, धरमतरच्या जेटीवर रात्रपाळीला. संध्याकाळी झोप काढून कामाला जायचा. पण त्या भेटीनंतर फेराच्या वेळी तो गॅलरीत जागाच दिसायला लागला. हातात चहा, कान वर. पुरावा गोळा करतोय, दुसरं काय!

"आज तुमचा पाय दोनदा चुकला," एकदा त्याने जिन्यात अडवलं.

"माझाच कशावरून?"

"पैंजण..." तो पुटपुटला. "एकटीचेच वाजतात."

लाज त्याला वाटायला हवी होती, आणि कान तापले माझे. तोवर त्याने माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "तुम्हाला रात्री झोप लागते ना... नीट?"

ही धमकी होती की काय?

दोन दिवसांनी हैबतराव पुन्हा दारात. "करार अकरा महिन्यांचा हाय खरा, पण आता जागा सोड बाय. त्याची रोजची कटकट हाय. नायतर मला तुझ्या बाबांना फोन करावा लागंल." फोनचं नाव काढल्यावर मी कसली भांडते! मुकाट्याने सामान बांधलं.

जायच्या दिवशी पावसाची भुरभुर होती. पिशव्या घेऊन खाली आले, तर दारात आदेश— गादीची वळकटी आणि ट्रंक घेऊन!

"झालं समाधान?" मी विचारलं.

"माझं? माझ्या घोरण्याची तक्रार तुम्ही केलीत, नि समाधान माझं?"

"मी? कधी?"

तेवढ्यात गणपतींनी भरलेला टेम्पो दारात लागला आणि मागून छत्री सावरत हैबतराव आले.

"हैबतराव, गणपतीसमोर सांगा," मी म्हटलं. "तक्रार कुणी केली?"

"दोघांनीबी. एकमेकांची." चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मी मूर्तींकडे पाहिलं. मुकुट रंगलेले, पितांबर रंगलेलं, पण डोळे कोरे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, हे पेणमध्ये कुणाला सांगायला नको.

"अजून देवाला दिसत नाही, म्हणून बिनधास्त बोलताय होय?"

आदेश टेम्पोत चढला. पुढची एक मूर्ती फडक्याने झाकलेली होती, कारागिरांना नमुना म्हणून दिलेली. त्याने फडकं काढलं. डोळे आखलेले होते आणि ते थेट हैबतरावांकडे बघत होते.

"आता सांगा."

हैबतरावांनी टोपी काढली. "गणपतीच्या कारखानदाराला आखणीला जागा पायजे होती... दोन्ही फ्लॅट. करार मोडायला कायतरी कारण लागतंच ना." त्यांनी कान धरले. "चुकलो देवा! न्या रे बाबांनो आपापलं सामान वर."

मी सामानाला हात लावला नाही. "आता तू," मी आदेशला म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "या देवासमोर सांग. त्रास व्हायचा?"

"व्हायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाय. म्हणून तर वेळ विचारली, नि सकाळची पाळी मागून घेतली. तुमचा फेर बंद पाडण्यापेक्षा ते बरं. मग पैंजणांची सवयच लागली..." तो थांबला. "आता तू सांग. मी घोरतो?"

नाही म्हणणार होते. पण ते डोळे! "घोरतोस. पार वर ऐकू येतं."

त्याचा चेहरा पडला.

"पण... एकटीला रात्री फार भीती वाटायची मला. हल्ली वाटत नाही. खाली कुणीतरी आहे, असं वाटतं."

"कुणीतरी... खालीच असायला पायजे का?"

मी पुढे होऊन मूर्तीवर फडकं ओढलं. पुढचं देवाने ऐकायचं नव्हतं.

"रविवारी खांबला ये," मी म्हटलं. "बाबांकडे माझी तक्रार कर."

"काय म्हणून?"

"सांग, तुमची मुलगी झोपू देत नाही."