राणीचं कव्हर

केतकीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. अप्पांना, म्हणजे तिच्या आजोबांना, आल्याचा चहा फार आवडायचा. कप हातात दिला की मिटक्या मारत प्यायचे. पण तोच कप समोर टेबलावर ठेवला, की त्यावर साय धरली तरी अप्पांचा हात काही पुढे होत नसे.

मिरजेच्या कॅरम क्लबात भल्याभल्यांना पाणी पाजणारे अप्पा, मेंदूला छोटा झटका आल्यापासून असे नुसते बसून होते. हातपाय धड, बोलणं स्वच्छ. "म्हातारा आळसावलाय," शेजारी म्हणत. केतकीला मात्र वेगळीच भीती होती. झटक्याच्या आदल्या दिवशी तिने अप्पांना पहिल्यांदाच हरवलं होतं. तेव्हापासून त्यांनी स्ट्रायकरला बोटही लावलं नव्हतं. ते आपल्यावरच रुसलेत, असं तिला वाटे.

अप्पा असे का वागतात, हे शेवटी तिने ठोकळ्याला विचारलं. ठोकळा म्हणजे घरातला यंत्रमानव. चौकोनी, कामसू आणि जरा आगाऊ.

"बोर्डावर पावडर टाकली नाही तर काय होतं?" त्याने उलट तिलाच विचारलं.

"स्ट्रायकर अडतो. कितीही जोर लावा, सोंगटी भोकापर्यंत जातच नाही."

"खेळणारा तोच, सोंगट्या त्याच, तरी खेळ अडतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं (पेशींचे निरोप पोचवणारा सांगकाम्या म्हण). 'ऊठ, कष्ट घेतलेस तर फायदा आहे,' असा रेटा ते देतं. झटक्याने त्याच्या वाटा बिघडल्या, की आवड राहते, पण उठणं होत नाही. याला निरिच्छता म्हणतात (स्वतःहून काही सुरूच न होणं)."

"म्हणजे चहा आवडतो, पण हात पुढे करणंच जड जातं?"

"बरोबर."

"मग ते माझ्यावर रुसले नाहीत?"

"रुसायलासुद्धा रेटा लागतो," ठोकळा म्हणाला.

केतकी हसली, आणि लगेच रडलीही.

डॉक्टर बिरनाळेबाईंनी अप्पांना नीट तपासून गोळ्या सुरू केल्या. केतकीने त्यांना पावडरची गोष्ट सांगितली.

"छान. या गोळ्या डोपामिनचं काम वाढवतात, म्हणजे पावडर टाकतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना लागू पडतातच असं नाही, म्हणून मी लक्ष ठेवीन. पण स्ट्रायकर अप्पांनीच मारायचा. तुम्ही सगळं त्यांच्या हातात नेऊन देता, ते आता बंद."

ठोकळ्याने मान खाली घातली. चहा हातात देणारा तोच होता.

मग रोज संध्याकाळी केतकी अप्पांच्या खुर्चीला खेटून बोर्ड मांडू लागली. "या, अप्पा," म्हणायची आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. आठवडे गेले, अप्पा बघत राहिले. तिचा धीर सुटत चालला.

एका संध्याकाळी तिने राणी घेतली. राणीनंतर लगेच आपली आणखी एक सोंगटी घालावी लागते, ते राणीचं कव्हर. नाहीतर राणी परत बोर्डावर येते. उरलेली सोंगटी अवघड जागी होती. केतकी नेम धरून थबकली.

"सरक," अप्पा म्हणाले.

त्यांनी स्वतः डबा उघडला, चिमूटभर पावडर टाकली, स्ट्रायकर मारला. सोंगटी भोकाच्या काठावर जाऊन अडली. राणी परत आली. अप्पा खुर्चीत मागे टेकले. टेबलावरचा चहा तसाच निवत होता. संपलं सगळं, असं वाटून केतकी सोंगट्या गोळा करू लागली.

"राहू दे गं," अप्पा म्हणाले. "राणी राहिलीय. उद्या बघतो तिला."

किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून उद्याचं काही निघालं होतं. केतकीने बोर्ड तसाच ठेवला, आणि काहीही आवरायचं नाही, असं ठोकळ्याला दोनदा बजावलं.