गाऱ्हाण्यात न घेतलेले नाव

मुलुंडच्या दत्ताराम परबाने जुनी फियाट घेतली, तेव्हा तिच्यापुढे नारळ आईने फोडला आणि पहिली लांबची फेरी साहेबांनी मागितली. साहेब म्हणजे त्याच्या कंपनीतले सबनीस. घाटकोपरला राहणारे. दत्तारामची बढती त्यांच्या शब्दावर अडली होती. "परब, तुमचं कोकण एकदा बघायचंय," असे ते सहज म्हणाले. दत्तारामने ते सहज घेतले नाही. मार्गशीर्षात त्याने रजा काढली. वाटेत धड हॉटेले नाहीत, म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांकडून घरगुती राहण्याजेवणाची सोय लावली. एका गावी मुक्काम करायचा, सकाळी न्याहारी उरकून पुढचे गाव गाठायचे, असा बेत ठरला.

त्याची आई, विमलाबाई, म्हणाली, "मी पण येतंय."

सून सुलक्षणा बाळंतपणासाठी भांडुपला माहेरी गेली होती. येणाऱ्या जिवासाठी विमलाबाईला गावच्या देवाला नवस बोलायचा होता. देवाच्या कामाला नाही म्हणणे दत्तारामला जमले नाही. मात्र पहाटे ती गाडीत बसली, तेव्हा तिच्या विटक्या नऊवारीकडे आणि भेगाळलेल्या हातांकडे त्याने एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली. गिरणीतला नवरा अकाली गेल्यावर त्या हातांनी लोकांच्या घरची भांडी घासली होती. दत्ताराम शिकला, तो त्या हातांच्या जोरावर.

घाटकोपरला साहेबांच्या पत्नी नीलाबाई खाली उतरल्या. मागच्या सीटकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, परब! कामाची बाईसुद्धा आणलीत? फार बरं केलंत हो. परक्या घरी हाताखालचं माणूस असलेलं बरं."

दत्तारामने उत्तर द्यायला तोंड उघडले. साहेब शेजारीच उभे होते. खरे बोलायला एक शब्द पुरेसा होता. तो जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

"होय बाईसाहेब," मागून आईच म्हणाली. "भांडीकुंडी मी बघतंय. तुम्ही काय काळजी करू नका."

ती रागावली नव्हती. लहानपणी शेजाऱ्यांसमोर त्याचे नाक पदराने पुसावे, तितक्याच सहजपणे तिने त्याचे खोटे पुसून नीट केले. दत्तारामने गाडी सुरू केली. पनवेल मागे पडेपर्यंत त्याने आरशात पाहिले नाही.

राजापूरच्या अलीकडे पहिले घर लागले, तेव्हा दिवस मावळत होता. घर काशीराम नावाच्या म्हाताऱ्याचे होते. कौलारू, नीटनेटके. अंगण नुकतेच शेणाने सारवलेले होते. शेणाचा ओला वास, चुलीत जळणाऱ्या नारळाच्या सोडणांचा धूर, आणि मागच्या रायवळ आंब्याखाली दाटत चाललेला काळोख. त्या आंब्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक पाषाण होता. तो त्या जागेचा राखणदार.

काशीराम हातात नारळ घेऊनच सामोरा आला.

"पाव्हणं, आत येण्याआधी एक रीत हाय आमची. ह्या घरात रात्रीला जो राहील, त्याचं नाव मी राखणदाराच्या कानावर घालतो. गाऱ्हाणं घातल्याबिगर मी कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. नावं सांगा."

साहेबांना गंमत वाटली. "वा, वा! आमची पण राखण करा बुवा. मी सबनीस, ह्या आमच्या सौभाग्यवती नीला, आणि हे परब, दत्ताराम. झालं."

"आणि ह्या आजी?"

"त्या... कामाला आहेत," दत्ताराम म्हणाला.

"कामाला असल्या म्हणून काय झालं? माणूसच ना? नाव सांगा, आणि कुणाच्या कोण, ते सांगा. नुसतं नाव चालत नाही. नात्याला धरून नाव घ्यावं लागतं."

आंब्याचे पानही हलत नव्हते. नीलाबाई दत्तारामकडे पाहत होत्या. काही कारण नसताना, नुसत्याच पाहत होत्या. तेवढे त्याला पुरले.

"आमच्या कुणी नाहीत त्या," तो म्हणाला. "राहू दे त्यांचं नाव."

"शब्द तुमचा हो," एवढेच बोलून काशीराम पाषाणाकडे वळला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तीन लेकरं तुझ्या आसऱ्याक आली हत... त्येंका आपली म्हण, त्येंच्यावर नजर ठेव... ह्येंच्याशिवाय ह्या दारात दुसरा कोण नाय, ह्या ध्यानात ठेव रे म्हाराजा..."

गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यायचा असतो. साहेबांना ते ठाऊक नव्हते. दत्ताराम आपल्या चपलांकडे पाहत होता. तेव्हा सगळ्यांच्या मागून, जन्मभराच्या सवयीने, विमलाबाई हात जोडून म्हणाली,

"होय म्हाराजा."

नारळ फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामची सून कुंदा आंबोळ्या आणि चहा घेऊन पडवीत आली. तीन पेले. विमलाबाई पायरीवर बसली होती. कुंदाने झाडू घेतला आणि पायरी वरपासून खालपर्यंत झाडली. विमलाबाईने घाईने पाय जवळ घेतले. कुंदाने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दत्तारामला राग आला, आणि रागामागोमाग सुटल्यासारखेही वाटले. त्या सुटकेची लाज त्याला नंतर आयुष्यभर पुरली.

गाडीत बसताना नीलाबाईंनी आपली थैली मागच्या सीटवर मधोमध ठेवली आणि पाय पसरले. "ऐसपैस आहे हो मागे," त्या म्हणाल्या. विमलाबाई दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती.

कणकवलीच्या पुढे, वनमाला नावाच्या विधवा बाईच्या घरी दुसरा मुक्काम होता. तिथेही अंगण सारवलेले होते. उतरून पडवीत गेल्यावर दत्तारामने मागे वळून पाहिले. ओल्या सारवणावर पावले उमटली होती. साहेबांचे बूट. नीलाबाईंच्या चपला. त्याच्या स्वतःच्या चपला. त्यांच्यामागून अनवाणी चालत आलेल्या आईचे पाऊल कुठेही नव्हते.

वनमालाबाईने कंदील लावला आणि तीन पाट मांडले.

"चौथं पान घ्या," दत्ताराम म्हणाला. "आमच्याबरोबर आजी आहेत."

"कुठे आहेत?" तिने कंदील वर केला. उजेड पडवीच्या कोपऱ्यात विमलाबाईच्या तोंडावर पडला. ती कसनुसे हसली. वनमालाबाई तिच्या आरपार भिंतीकडे पाहत होती.

साहेब हसले. "परब, आजी कुठल्या? उन्हानं डोकं तापलंय तुमचं."

"अहो, ती... आपल्याबरोबर आलेली..."

"कोण आलेली?" नीलाबाईंनी विचारले. त्या थट्टा करत नव्हत्या. "आपण तिघंच तर निघालो घाटकोपरहून."

अजूनही दत्ताराम 'माझी आई' म्हणू शकला असता. समोर कोपऱ्यात ती मान हलवून नको, नको म्हणत होती. मुलाचा अपमान होऊ नये म्हणून.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तिघंच."

आपल्या पानातली भाकरी त्याने मागच्या दारी नेऊन तिला दिली. तिने ती हातात घेतली, पण खाल्ली नाही.

"दत्ता... ह्या घरचा कुत्रा माज्या अंगावरसून गेला रे. माज्यावर पाय ठेवन गेला..." तिचा आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "माका थंडी भरता. तू तरी बघतंस ना माका?"

"बघतोय, आई."

हा शब्द तिने कालपासून ऐकला नव्हता. तिने डोळे पुसले आणि उष्टी भांडी पुढे ओढली.

सकाळी वनमालाबाई मागच्या दारातून पांढऱ्याफटक चेहऱ्याने आली. "रात्री भांडी खरकटी टाकून निजले मी. सगळी घासून पालथी घातलीत. राखेने. माझ्याकडे राख नसते हो, मी साबण वापरते..." साहेबांनी ते हसण्यावारी नेले. दत्तारामने गाडीत सामान टाकले आणि तोंड राजापूरकडे फिरवले.

"परब, समुद्र तिकडे आहे," साहेब म्हणाले.

"आधी मागे जायचंय, साहेब."

"का?"

"माझं काहीतरी राहिलंय तिथे."

साहेबांना असे उत्तर कधी कुणी दिले नव्हते. दत्तारामला बढती दिसत होती, ती लांब लांब जाताना. आणि आरशात आई दिसत होती, थैलीमागे, धुके भरलेल्या काचेतून दिसावी तशी. तिने डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. नवसाचे शब्द विसरू नयेत म्हणून ती ते घोकत होती.

काशीरामच्या घरी पोचले तेव्हा भरदुपार होती. अंगणात ऊन मी म्हणत होते. दत्ताराम धावतच पाषाणापाशी गेला.

"काका, गाऱ्हाणं फिरवा. एक नाव राहिलंय."

म्हातारा पडवीतून खाली उतरला. "असं कधी कुणी केलं नाही इथं. होतंय का नाही, मला ठाऊक नाही. शब्द तुमचा होता. आता तोही तुम्हीच घाला."

मागे साहेब आणि नीलाबाई उभे होते. दत्तारामने हात जोडले. शरमेने त्याचा चेहरा पेटला होता, आणि ती शरम आता खऱ्या जागी होती.

"देवा म्हाराजा... मी खोटं बोललो. ही विमला, रामचंद्र परबांची बायको. हिने लोकांची भांडी घासून मला वाढवलं. ही माझी आई आहे... हिला ह्या दारात घे. हिला सगळ्यांना दिसू दे, रे म्हाराजा."

होकार द्यायला कुणी नव्हते. साहेब अवघडून खाली पाहत होते. दूर कुठेतरी सुतारपक्षी टकटक करत होता, तोही थांबला. आणि मग त्याच्या पाठीशी, अगदी कानाजवळ, ओळखीचा आवाज आला,

"होय म्हाराजा."

"अगं बाई!" नीलाबाई ओरडल्या. "आजी, तुम्ही इतका वेळ उन्हात उभ्या? आणि आम्ही बघा कसे..."

कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "या आजी, पाय धुवा." साहेब पुढे झाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "परब, ह्या तुमच्या मातोश्री? अहो, आधी सांगायचं! आम्हाला कामाच्या बाई वाटल्या. माफ करा हं, आई." आणि ते नमस्काराला वाकले.

दत्ताराम भरल्या डोळ्यांनी वळला.

साहेब सारवलेल्या रिकाम्या जमिनीपुढे वाकले होते. कुंदा तांब्यातले पाणी रिकाम्या पायरीवर ओतत होती. ते पाणी मध्येच कशावर तरी अडून, दोन ओघांनी खाली उतरत होते. दत्तारामने हाक मारली, "आई!" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. उत्तर आले नाही. होकार दिला तो आवाज त्याने शेवटचा ऐकला.

गावच्या देवळात आईचा नवस बोलून झाला, हे त्याला पुजाऱ्याच्या बोलण्यावरून कळले. बढती मिळाली. साहेबांनी ती आईची आठवण काढत दिली, म्हणून पेढ्यांचा पुडा त्याला हातात धरवेना. मुलुंडच्या घरात सुलक्षणा बाळ घेऊन आली. सकाळी मोरीत बाळाला तेल लावले जाई. बाळाचे अंग चकाकत असे, ते हवेत पालथे होई, उताणे होई, आणि खुदकन हसे. दत्ताराम दारात उभा राहून बघे. मग वाकून, जिथे आईचे पाय असावेत असे वाटे, तिथे डोके टेकवी. थंड फरशी कपाळाला लागे. सुलक्षणाला त्याने सर्व सांगितले होते. तिने ऐकून घेतले पण सासूला काही विचारले नाही. विमलाबाई सुनेशी बोले, शेजारणींशी बोले, भाजीवालीशी घासाघीस करी, असे सगळे सांगत. म्हातारी सुखात आहे, एवढ्यावर दत्तारामने मनाची समजूत घातली. आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे, असे तो देवापुढे रोज म्हणे.

एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता. सुलक्षणा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि वाढायचा डाव हातात तसाच धरून उभी राहिली.

"अहो... आई आज मला काहीतरीच विचारताहेत."

"काय?"

"'दत्ता खय आसा?' म्हणतात. 'कोकणातसून माज्याबरोबर परत इलो ना तो? त्या दिवसापासून दिसाक नाय.' इतके दिवस त्या मनातच ठेवून होत्या, म्हणे. मला वाईट वाटेल म्हणून."

दत्तारामने घास पानात ठेवला. "मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, आई, हे काय, तुमच्यासमोर जेवताहेत." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या इथे येऊन बसल्या. आत्ता, तुमच्यासमोर. तुमच्याकडे नीट बघितलं त्यांनी. आणि मला हळूच म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

"'सुने, रिकाम्या पाटार पान कित्याक वाढलंस?'"