लाइनवरून काढलेलं नाव

"बाजूला व्हा, हातगाडी येतेय," मी दरडावलं. जपानमधल्या करिया शहरातल्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या दारांची कुलपं बनतात. तिथल्या जुळणीच्या लाइनसमोर एक अनोळखी माणूस जमिनीवर खडूने वर्तुळ काढून आत उभा होता. तो हलला नाही, हातगाडीच वळसा घालून गेली.

"माफ करा, आज दिवसभर इथूनच बघायचंय. मी सावातारी. लाइनवर कुठे वेळ फुकट जातो ते शोधायला शिकवणार आहे."

"मग आरशात बघा."

तो हसला... आणि माझ्या हातातला स्क्रू निसटला.

महिन्याभरात त्याने आम्हा सहा जणांना सगळं नव्याने मांडायला लावलं. स्क्रूंचा डबा डाव्या हाताशी आला आणि माझी दिवसाची नऊशे पावलं वाचली.

"वाचलेल्या पावलांचं काय करू?" मी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत... नदीपर्यंत चला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग रोजच चालू लागलो. त्याच्या डब्यातले भाताचे गोळे नेहमी फुटलेले असत. मी चिडवायची, तो निमूट खायचा. मला तो आवडू लागला होता आणि बत्तिसाव्या वर्षी हे असं होतंय याची लाजही वाटत होती.

तीन महिन्यांत सहा जणांचं काम पाच जणांत बसू लागलं. एक जण लाइनवरून जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी सकाळी फलकावर नाव लागलं. मियोशी चिझुरु. माझंच! बारा वर्षं मी त्या जागी उभी होते. मी तडक त्याच्यासमोर गेले.

"माझं काय चुकलं, सावातारी-सान?"

"काहीच नाही. माणूस कमी करताना सगळ्यात चांगला काढायचा असतो. कच्च्याला काढलं तर उरलेले सुधारणेलाच घाबरतील. तुम्ही दूर दक्षिणेला, क्युशू बेटावरच्या नव्या कारखान्यात शिकवायला जाल."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच. अजून दोन लाइन बाकी आहेत."

राग ओसरला, पण बरं काही वाटेना. तेवढ्यात फलकावरच्या त्या कागदावर छापलेल्या मुदतीकडे लक्ष गेलं. नाव सोमवारी लागायला हवं होतं. अर्धा सेकंद वाया जाऊ न देणारा हा माणूस!

"तीन दिवस उशीर का झाला?"

"लिहवेना."

"का?" कारण सापडेपर्यंत पाचदा 'का' विचारा, हे त्यानेच शिकवलं होतं.

"लिहिलं की तुम्ही जाणार..."

"मग दुसऱ्या कुणाचं का नाही लिहिलंत?"

"खोटं ठरलं असतं. खोटं वागून तुम्हाला जवळ ठेवायचं नव्हतं."

"का?"



"प्रेम आहे तुमच्यावर," तो हळूच म्हणाला.

पाचवा 'का' विचारायची गरजच उरली नव्हती. जायचं तर मला होतंच, ते काम मला हवंसंही वाटू लागलं होतं. तरी त्याला सोडून जाण्याच्या विचाराने डोळे भरून आले.

"रविवारी... येत जाऊ का तिकडे?" त्याने विचारलं.

"शनिवारीच निघत जा," मी म्हटलं.