हात मागे बांधून

"अहो... जरा ऐकता का..."

आवाज इतका नाजूक, की मला वाटलं कुणीतरी फोनवर बायकोची समजूत काढतंय. दुपारची वेळ होती. जिममध्ये पंखे तेवढे फिरत होते. मी दारातच घुटमळत होते, आत जावं की आल्या पावली परत फिरावं... उजवा खांदा निखळून त्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून या दाराचं पायपुसणंसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

"अहो, इकडे... खाली..."

कोपऱ्यातल्या बाकावर एक गृहस्थ उताणे पडले होते. छातीवर लोखंडी बार, बारच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटी, आणि प्लेटी घसरू नयेत म्हणून दोन्हीकडे क्लिपा आवळलेल्या. एकट्याने बाकावर पडायचं तर क्लिपा लावायच्या नसतात. बार अडकलाच तर एका अंगाला कलता करून प्लेटी खाली सोडून देता येतात. या महाशयांनी सुरक्षितता म्हणून स्वतःलाच कुलूप घातलं होतं.

विचार करायच्या आधीच माझे पाय धावले.

"श्वास सोडा. आता बार पोटाकडे लोळवा. लाजू नका, लोळवा!"

डाव्या हाताने मी एक टोक पेललं, आणि ते लाल होऊन उठून बसले. नाकाच्या शेंड्यावर निळ्या रंगाचा एक ठिपका होता.

"ओरडायचं नाही का?"

"ओरडणारच होतो. पण 'वाचवा' म्हटलं तर फार नाटकी वाटलं असतं. मी नाटकांचे पडदे रंगवतो हो. म्हणतील, तिथलंच उचललं याने."

"मग किती वेळ पडून राहणार होता?"

"देवाला काळजी म्हटलं... आणि बघा, पाठवलंच की त्याने कुणाला तरी."

माझ्या अंगावर जुना टी-शर्ट, केस कसेबसे बांधलेले. देवाने पाठवल्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी उगाच बट कानामागे सारली.

टायफॉइडने त्यांना आडवं केलं होतं. आता ब्रश वर धरला की हात थरथरतो, म्हणाले. "माझ्या आकाशात हल्ली ढग कमी आणि भूकंप जास्त! तुम्ही काय करता?"

"आगीवर पाणी ओतते."

"म्हणजे... लोकांची भांडणं सोडवता?"

"अग्निशमन दलात आहे मी!"

त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी खळखळून हसले. कितीतरी दिवसांनी.

एक गोष्ट मात्र मी त्यांना त्या दिवशी सांगितली नाही. आगीवर पाणी मी आता ओतत नव्हते. मी फोन उचलत होते. "घाबरू नका, पत्ता सांगा, गाडी निघालीय." गाडी निघायची, घंटेचा आवाज वळणावर विरून जायचा, आणि मी खुर्चीतच असायचे. परत गाडीवर जायचं तर परीक्षा द्यावी लागणार होती. गाडीच्या टपावरची शिडी जोडीदाराबरोबर उतरवायची, मग एकटीने धावत न्यायची, भिंतीला उभी करायची आणि चढून जायचं. जमलं तर गाडी. नाही जमलं तर जन्मभर ती खुर्ची.

जिम चालवणाऱ्या ताईंनी आमची जोडी लावून टाकली. "एक खांद्याने अधू, एक तापाने. एकमेकांच्या मागे उभे राहा. हात बारच्या जवळ ठेवायचे, बारला लावायचे नाहीत. समोरचा अडकला तरच धरायचं."

मग रोजची दुपार कशी सरायची ते कळेनासं झालं. बाकावर पडलं की वर तो बार, आणि बारच्या वर त्यांचा उलटा चेहरा. उलटं हसू फार गमतीशीर दिसतं... हसतंय की रुसलंय, पटकन समजत नाही.

"तुम्ही जोर लावताना डोळे का मिटता?"

"तुम्ही समोर असता म्हणून."

"इतका वाईट दिसतो?"

"वजन उचलायचंय मला. हसायला लागले तर पडेल."

घरी आईने दोनच दिवसांत ताडलं. कीर्तनाशिवाय जिचा आठवडा सरत नाही अशी माझी आई. कुठलीही गोष्ट ती त्याच मापाने मोजते. "काय गं, पूर्वरंगच किती लांबवशील? आख्यान कधी लावणार?"

"आई, आम्ही फक्त वजनं उचलतो."

"हो हो. ऐकतेय मी."

प्लेटी वाढत गेल्या. खांदा कुरकुरायचा, पण ऐकायचा. आणि एके दिवशी... खांदा निखळण्याआधी जेवढं उचलत होते, तेवढं वजन बारला लावलं. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, दात आवळले. बार मध्यावर अडखळला, आणि मग अलगद, पिसासारखा वर गेला! मी घरी जाऊन आईला मिठी मारली. परीक्षा दहा दिवसांवर होती. मला वाटलं, झालं, जिंकले.

दुसऱ्या दिवशीही तसाच गेला बार. उठल्यावर मी फडक्याने तो पुसायला घेतला. पुसता पुसता हात थांबला.

बारच्या मधोमध, खालच्या बाजूला, दोन निळे ठसे होते. बोटांचे. ओले. माझे हात तिथे कधीच जात नाहीत.

मी वळून पाहिलं. ते कामावरून तसेच आले होते. बोटांना आकाश लागलेलं.

"कधीपासून?"

"अहो, ते..."

"कधीपासून हात लावताय?"

"थोडासाच... बोटांच्या टोकांनी..." त्यांची मान खाली गेली. "मध्यावर अडकलात की तुमचा चेहरा बघवत नाही. पंधरा दिवस झाले असतील."

कानशिलं तापली माझी. ओरडावंसं वाटलं, पण आवाज बारीकच निघाला. "हे वजन मी उचललंय असं समजून मी परीक्षेला गेले असते. जोशात एखादे वेळी शिडी पेललीही असती. आणि मग कुणाच्या तरी पेटत्या खिडकीखाली हा खांदा म्हणाला असता, मला नाही झेपत. तिथे वर माणूस हाका मारत असताना... तुमची बोटं कुठून आणली असती मी?"

ते पांढरेफटक पडले.

"दया आली ना माझी?"

"दया नव्हती ती," ते इतक्या हळू म्हणाले, की मला ऐकू आलं नाही असं मी ठरवून टाकलं.

सकाळी मी आमच्या साहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, माझी परीक्षा पुढच्या खेपेला घ्या."

साहेबांनी चष्मा वर केला. "लोक लवकर घ्या म्हणून मागे लागतात. पुढची खेप तीन महिन्यांनी आहे, माहीत आहे ना? तोवर फोनच."

"माहीत आहे. पण उसन्या जोरावर नको."

त्यांनी मान हलवली, आणि त्या हलवण्यात कौतुक होतं. तारीख पुढे गेल्याचं मी जिमच्या ताईंनाही कळवलं. खुर्चीत परत बसताना पहिल्यांदाच माझी मान ताठ होती.

आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "चुकलाच तो. पण बाई, पाठीशी उभं राहणं सोपं वाटलं का तुला? देवसुद्धा पाठीशी उभा राहतो; पुढे येऊन आपला घास चावून देत नाही. त्या भल्या माणसाला तेवढं ठाऊक नव्हतं. रागावून शिकवलंस, आता बोलवून शिकव."

मी गेले, तेव्हा ते पिशवी आवरत होते. "मी सकाळची वेळ घेतो. तुम्हाला त्रास नको."

"मागे उभे राहा."

"मी?"

"हात मागे बांधून. मी 'धरा' म्हणाले, तरच सोडायचे."

"आणि अडकलात, पण म्हणाला नाहीत तर?"

"तर बघत राहायचं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "हे फार अवघड आहे हो."

"मग! तुमचाही व्यायाम नको का व्हायला?"

मी अर्ध्या प्लेटी उतरवल्या आणि खऱ्या वजनापासून सुरुवात केली. मान खाली घालायला लावणारं वजन होतं ते, पण माझं होतं. कधी मी "धरा" म्हणायचे, कधी नाही. म्हटलं की त्यांचे हात झेपावायचे, पण त्याआधी कधीही नाही. मधल्या विश्रांतीत ते नव्या नाटकाच्या पडद्याबद्दल सांगायचे. हात थरथरायचा थांबला होता म्हणे. आता ढग जागच्या जागी बसतात.

ज्या दिवशी ते जुनं वजन पुन्हा बारला लागलं, त्या दिवशी खिडकीच्या काचेवर पावसाची भुरभुर चालली होती. मी पडले. या वेळी डोळे उघडे ठेवले. बार खाली आला, छातीला टेकला, वर निघाला... आणि मध्यावर थांबला.

वर त्यांचा उलटा चेहरा. ओठ दातांत धरलेला. कपाळावर घाम माझ्याइतकाच. खांदे ताणलेले, कारण मागे एक हात दुसऱ्याला घट्ट आवळून धरत होता. 'धरा' हा शब्द माझ्या जिभेवर आला. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो गिळून टाकला.

बार हलला. केसभर. मग बोटभर. मग गेला... वर, पार वर!

ताईंनी टाळी वाजवली. मी उठून पाहते तर हे भिंतीला टेकून धापा टाकतायत.

"तुम्हाला काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "माझाही बार उचलला गेला."

परीक्षेच्या दिवशी शिडी माझ्या खांद्यावर आली, तेव्हा ती जड होती. खोटं कशाला सांगू? पण कुणाचंही बोट नसताना ती जेवढी जड असते, तेवढीच, ओळखीची जड होती. धावले, उभी केली, चढले. वरच्या पायरीवरून खाली पाहिलं तर साहेब घड्याळाऐवजी माझ्याकडे बघत होते. "फोनवर दुसरं कुणी बसवा रे," ते म्हणाले. "ही आजपासून गाडीवर."

आई अग्निशमन केंद्राच्या फाटकापाशी डोळे पुसत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "माझी लेक हो ती." तिच्या पलीकडे ते. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. आईने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "पाणी पिऊन येते" म्हणून शहाण्यासारखी निघून गेली.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "कालपासून पाठ करतोय. म्हणजे असं की... तुम्ही त्या साहेबांकडे पुढची तारीख मागितलीत ना, त्या दिवशी ताईंकडून मला कळलं, आणि मी रात्रभर... नाही, हे नंतर येतं. आधी..."

"मुद्द्यावर या."

"येतोय. तुमचा अभिमान वाटतो मला. इतका, की तो माझ्या एकट्याच्या छातीत मावत नाही. आणि मला तुमच्याबरोबर..."

घंटा वाजली.

माझं अंग वाक्य संपायची वाट बघेना. धावले मी. कोट, बूट, हेल्मेट... कित्येक महिन्यांनी सगळं जिथल्या तिथे बसलं. चढले आणि गाडी निघाली. फाटकातून वळताना ते बाजूला सरकून उभे होते, अर्धं वाक्य तोंडात घेऊन.

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. "हो! माझंही तेच! आणि ते अहो-जाहो पुरे आता!"

क्षणभर त्यांना उमगलंच नाही. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, बारखाली अडकूनही न ओरडणारा तो माणूस भर रस्त्यात ओरडला, "सांभाळून ये गंऽऽ!"

रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. आमच्या चालककाकांनी गियर टाकता टाकता विचारलं, "कोण गं तो?"

"माझा," मी म्हणाले आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.