धाकटीचं गार चाक

भुतं अंधार पडल्यावरच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी. ही घडली भर दुपारी, डोक्यावर पत्रा तापलेला असताना. आणि ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस इतका हिशेबी, की भूत समोर आलं असतं तर त्याने आधी त्याची उंची मोजली असती.

त्याचा धंदा गाडी हाकण्याचा. फक्त गाडी होती मंगळावर आणि तो इथे, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खुर्चीला उशी बांधून. सगळे त्याला सारथी म्हणत. तसं हाकणं कसलं, आज सांगायचं आणि उद्या कळायचं. इतकं पुढे जा, तो दगड डावीकडे ठेव, असा हुकूम पाठवून त्याने घरी जाऊन झोपायचं. गाडी आपली आपण चालायची आणि सकाळी फोटो यायचे. त्याची बायको म्हणायची, "आपल्या संसारासारखंच आहे. मी आज सांगते आणि तुम्ही ऐकलंत की नाही ते मला उद्या कळतं."

सहा चाकांच्या त्या गाडीचं लाडकं नाव थोरली. कारण तिची हुबेहूब जोडीदारीण इथेच होती, धाकटी. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेती पसरून आणि दगड मांडून धाकटीला ठेवलं होतं. थोरलीला वर काही अवघड सांगायचं असलं, की आधी ते धाकटीकडून करून घ्यायचे. आपटली तर धाकटी आपटेल, थोरली शाबूत. धाकट्या बहिणींचं नशीब सगळीकडे सारखंच.

त्या दिवसांत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. इथे उन्हाळा होता, पण थोरलीकडे हिवाळा येऊ घातला होता. तिची बॅटरी उन्हावर भरायची. कडक थंडी पडायच्या आत सूर्याकडे तोंड केलेल्या एका उतारावर ती पोचली तर वाचणार होती, नाही पोचली तर गारठून कायमची गप्प होणार होती. कित्येक महिने ती त्या उताराच्या दिशेने सरकत होती आणि सारथ्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

तर त्या दुपारी सारथी शेडमध्ये गेला तो फक्त मोजपट्टी आणायला. आत कोणी नव्हतं. तापलेल्या रेतीचा वास कोंडला होता. धाकटीची बॅटरी दुरुस्तीसाठी काढून टेबलावर ठेवलेली होती. मोजपट्टी एका दगडाआड पडली होती. ती उचलून उठताना त्याने आधारासाठी धाकटीच्या पुढच्या डाव्या चाकावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. त्याला वाटलं, पत्र्याखाली तापलेल्या लोखंडाचा चटका बसला.

पण तो चटका गारव्याचा होता. दुधावर साय धरावी तसा चाकावर बर्फाचा पातळ थर धरला होता. शेडमध्ये घामाच्या धारा लागत होत्या, आणि आकसणाऱ्या धातूचा बारीक आवाज येत होता. टक्... टक्... मग बऱ्याच वेळाने पुन्हा एक टक्.

तो धावत जाऊन प्रमुख बाईंना घेऊन आला. बाई म्हणजे सगळ्या तुकडीच्या वरिष्ठ, स्वभावाने सरळ आणि जिभेने तिखट. त्यांनी चाकाला हात लावला. चाक चांगलं तापलेलं होतं.

"उन्हातून आलात. पाणी प्या," बाई म्हणाल्या.

"बाई, बर्फ होता."

"मग थोडा आणायचात. पाण्यात टाकला असता."

सारथी वरमला, पण गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने वेळ ताडून पाहिली. चाक गार लागलं तेव्हा थोरलीकडे पहाट होती, तिथली सगळ्यात थंड वेळ. तिथला दिवस आपल्यापेक्षा जरा लांब, त्यामुळे तिथली पहाट इथे रोज थोडी उशिरा येते. दुसऱ्या दिवशी तो तेवढ्याच उशिराने शेडमध्ये गेला. चाक गार होतं. तिसऱ्या दिवशी आणखी उशिराने गेला. तेव्हाही गारच.

त्याच्या अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणा. पण भीतीपेक्षा त्याला कणव जास्त आली. थोरली वर एकटी कुडकुडत होती आणि हिला ते इथे समजत होतं. मग तो रोजच जायला लागला. धाकटीभोवती एक फेरी मारायचा, प्रत्येक चाकावरून हात फिरवायचा आणि हळूच म्हणायचा, "झालंच गं. थोडंच राहिलं."

शेवटच्या टप्प्याचा दिवस उजाडला. उतार समोर दिसत होता. मध्ये सपाट, गुळगुळीत रेती. नाकासमोर चालायचं की पोचलं. दुसरी वाट खडकाळ उंचवट्यावरून वळसा घालून जाणारी. ती वाट पक्की होती, पण तिला बॅटरी जेमतेम पुरली असती. एखादा दगड आडवा आला असता तर खेळ खलास. बाईंनी सरळ वाट मंजूर केली. शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

हुकूम पाठवायला थोडा वेळ होता, म्हणून सारथी शेडमध्ये डोकावला. आदल्या दिवशी त्याने स्वतः फळी फिरवून रेती सपाट केली होती. ती तशीच सपाट होती. बॅटरी टेबलावर होती. आणि धाकटीचं पुढचं डावं चाक आसापर्यंत रेतीत रुतलं होतं. आजूबाजूला ना पावलाची खूण, ना चाकाची.

या वेळी बाईंनीही पाहिलं. त्यांनी रेतीला हात लावला आणि पदराला पुसला.

"सरळ नको, असं म्हणतेय..." सारथी कुजबुजला.

"तसं लिहू का वरच्या साहेबांना?"

"वळसा घालू या, बाई."

"मी हे पाहिलेलं नाही," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण घाला वळसा. बुडाली तर दोघांची नोकरी बुडेल."

ती रात्र दोघांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. सकाळी सगळे पडद्यासमोर जमले. मग पहिला फोटो आला. थोरली उतारावर उभी होती आणि तिच्या पाठीवर ऊन होतं. बॅटरीत जेमतेम जीव उरला होता, पण उरला होता. बाजूच्या कॅमेऱ्यात सरळ वाटही दिसली. ती गुळगुळीत रेती नुसती वरची खपली होती. एक दगड घरंगळत तिच्यावर गेला होता, आणि तिथे आता फक्त भोक होतं.

मग काय, दिवसभर धुमाकूळ. बाई टेबलावर चढून हसल्या. सारथी रडला आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. कोणीतरी विचारलं, मंगळावरची का? संध्याकाळी बाईंनी स्वतः शेडला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि सगळे घरी गेले. सारथी बिछान्याला पाठ लागताच घोरायला लागला. याला त्याच्या बायकोची साक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या तापमानाचे आकडे आले. वरची रात्र भयंकर थंड होती आणि सगळे भाग हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात होते. फक्त तिथल्या पहाटेच्या सुमाराला, म्हणजे आता इथल्या रात्री, पुढचं डावं चाक ऊबदार झालं होतं. फार नाही, माणसाच्या तळहाताइतकं. थोड्या वेळाने ते गार झालं आणि मधलं ऊबदार झालं. मग मागचं. मग पलीकडच्या बाजूचं. अशी एक पूर्ण फेरी. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"तापमापक बिघडला असेल," सारथी म्हणाला.

"सहाही? एकामागून एक?"

त्यांनी पुन्हा तपासलं. मापक ठणठणीत होते. बाईंनी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. शेड समोरच्या खिडकीतून दिसत होती, कुलूप जसंच्या तसं होतं.

"तुम्ही गेला नव्हतात ना?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग शेडमध्ये रात्रभर कोण होतं?"

सारथ्याने किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. पडद्यावर नवीन आकडे येत होते आणि ऊब पुन्हा पुढच्या डाव्या चाकापाशी आली होती.

"शेडमध्ये कोणी असलं तर बरं..." तो फोटोतल्या थोरलीभोवतीच्या मोकळ्या जमिनीकडे पाहत अगदी हळू म्हणाला. "बाई, शेडमध्ये कोणी असलं तरच बरं."