उलट होकायंत्र

नाशिकच्या ‘कौलघर’ या ग्राहक-संशोधन प्रयोगशाळेत दर बुधवारी अकरा वाजता विसर्जन बैठक होत असे. नावावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये; इथे मूर्ती नव्हे, माल बुडवला जाई. नवा साबण, नवी खुर्ची, नवं ॲप, जे काही बाजारात यायचं ते आधी इथे येई आणि त्यातलं बरंचसं इथूनच परत जाई. २०४३ साली कौलघराला विचारल्याशिवाय बिस्किटाचा पुडासुद्धा बाजारात आणायची कोणाची छाती नव्हती.

त्या बुधवारी समोर कोल्हापूरचा तौसीफ मुजावर बसला होता. ध्वनिशास्त्रातला अभियंता. नऊ वर्षं खपून त्याने ‘शब्दवेचक’ तयार केला होता. कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं यंत्र, जे आजूबाजूच्या गोंगाटातून माणसाचं बोलणं तेवढं वेचून ऐकवतं. कौलघराने त्याची जाहिरात चाळीस हजार लोकांच्या फोनवर सोडली होती आणि ज्यांच्या घरी ऐकू न येणारं कोणी होतं, अशा तीनशे घरांत नमुन्याचे नगही दिले होते.

“लोकांना आवडला की नाही, एवढंच सांगा सर,” तौसीफ म्हणाला.

“आवडला. तोच तर घोळ आहे,” डॉ. पराग टिल्लू म्हणाले. कौलघराचे संस्थापक आणि संचालक. साठीचे, शिडशिडीत, आणि आपण चुकू शकतो ही शंका आयुष्यात कधी मनाला न शिवलेले. “आधी आमची पद्धत समजून घ्या. लोक लाइक देतात ते खोटं असतं. भाच्याला बरं वाटावं म्हणून देतात, चार लोकांत उठून दिसावं म्हणून देतात. अंगठ्याला मात्र हे जमत नाही. चित्र वर सरकवताना आवडीच्या गोष्टीवर तो कणभर थबकतो. मालकालाही ते कळत नाही. अंगठ्याचा थबका, डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास, तिन्ही मिळून आमचा ओढमापक शून्य ते शंभर आकडा देतो. त्याला फसवता येत नाही. मी स्वतः प्रयत्न करून पाहिलाय.”

“मग माझा आकडा किती?”

“सरासरी बासष्ट. फारच छान.”

“मग अडलंय कुठे?”

उत्तर मृण्मयी भांबुरेने दिलं. ती कौलघरात सहा वर्षं संशोधक होती आणि पद्धतीच्या पुढच्या भागावर तिचं खरोखरच प्रेम होतं. सांगताना तिचे डोळे चमकत. “चाळीस हजारांत आम्हाला एक्केचाळीस माणसं अशी सापडली, की त्यांना एखादी वस्तू मनापासून आवडली की ती बाजारात बुडते. आम्ही त्यांना उलटे ग्राहक म्हणतो.”

“पनवती म्हणा ना सरळ!”

“छे छे! त्यांच्या आवडीने काही बुडत नाही. त्यांची आवड चारचौघांपेक्षा वेगळी असते आणि बाजार चारचौघांवर चालतो, इतकंच. होकायंत्र उत्तर दाखवतं, ही माणसं दक्षिण दाखवतात. दक्षिण अचूक कळली तरी जहाज हाकता येतंच की! म्हणून सरांनी उलट होकायंत्र बांधलं. एक्केचाळीसपैकी एकाची जरी ओढ नव्वदच्या वर गेली, की विसर्जन.”

“अकोल्याच्या उज्ज्वला वानखडे,” टिल्लू कागद पुढे सरकवत म्हणाले. “यादीत नवव्या. शब्दवेचकाला त्यांची ओढ सत्त्याण्णव. आमच्या होकायंत्राची अचूकता नव्व्याण्णव टक्के आहे, मुजावर. तुमचा माल बुडणार. तुम्ही बुडू नये म्हणून आत्ताच सांगतोय.”

तौसीफने तो कागद उचलून वाचला. “एका बाईला फार आवडला म्हणून?” एवढंच तो म्हणाला आणि उठून गेला. दाराशी गेल्यावर त्याला आपली बॅग राहिल्याचं आठवलं, ती घ्यायला तो परत आला आणि पुन्हा निघून गेला.

नमुन्याचे नग कौलघराच्या संगणकावरून चालत. शुक्रवारी दुपारी बाराला ते सगळे बंद होणार होते. लोकांना फोन करून कळवायचं काम मृण्मयीचं होतं. अकोल्याचा फोन तिने सगळ्यात शेवटी लावला.

“बंद?” उज्ज्वलाबाईंचा आवाज एकदम चढला. “काऊन जी? असं कसं बंद? अवो मॅडम, आमचे हे पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनजवळ होते, कान गेले पार. अकरा वर्षं झाली, घरात मी एकटीच बोलतो न् एकटीच ऐकतो. तुमचं हे बारकं यंत्र लावलं न् त्याइनं पह्यल्याच दिवशी मले विचारलं, तुह्या गुडघ्याले काय झालं म्हणून. मी सैपाकघरात कण्हली होती, तेवढं ऐकू गेलं त्याइले. पैशे पायजेत तं घ्या, पण बंद नोका करू.”

“पैशांचं नाहीये हो काकू. तो नग बाजारातच येणार नाहीये.”

“पाहा बरं! माह्यासंग हे असंच होते. मले आवडलेलं बिस्किट बंद. साबण बंद. ते भाजी चिरायचं यंत्र आलं होतं, थे बी बंद. माह्या आवडीवर कोणाचा काही डोळा हाय काय?”

“तुमच्या आवडीमुळेच” हे या बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं? मृण्मयीने बघते म्हणून फोन ठेवला. तिला स्वतःची लाज वाटत होती.

मग तिने एक गोष्ट केली जी सहा वर्षांत कोणाला सुचली नव्हती. भाजी चिरायचं ते यंत्र किती विकलं गेलं होतं ते शोधलं. एकही नाही. कसं विकलं जाणार? विसर्जन बैठकीत अडवलेला माल दुकानात कधी गेलाच नव्हता. तरीही कौलघराच्या नोंदीत तो ‘बुडाले’ या रकान्यात होता, कारण टिल्लूंनी सुरुवातीला आखलेल्या तक्त्यात रकाने दोनच होते: ‘चालले’ आणि ‘बुडाले’. अडवलेल्याला रकाना नाही. दर बुधवारी बैठक संपली की कारकून विसर्जित माल इमानेइतबारे दुसऱ्या रकान्यात लिही, होकायंत्राचा अंदाज बरोबर ठरे, आणि अचूकता आणखी वर जाई. यंत्र स्वतःच पेपर काढत होतं, स्वतःच तपासत होतं.

“हद्द झाली!” ती मोठ्याने म्हणाली. आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी अकराला ती टिल्लूंच्या केबिनमध्ये होती. त्यांनी कागद दोनदा वाचले. माणूस हट्टी असला तरी अप्रामाणिक नव्हता.

“रकाना चुकला,” ते म्हणाले. “माझीच चूक. पण पहिली दोन वर्षं अडवाअडवी नव्हती, माल खरोखर बाजारात गेला होता. तेव्हाही या लोकांना आवडलेल्या शंभरातले एक्क्याऐंशी बुडाले. तेव्हा नव्व्याण्णव नाही, एक्क्याऐंशी म्हण. एक्क्याऐंशीलाही मी जहाज हाकीन. शब्दवेचक बंदच राहणार.”

“सर, मी तो स्वतः वापरून पाहिलाय. अप्रतिम आहे. तो चालणार, मी छातीठोकपणे सांगते.”

टिल्लू हसले. नको तितकं हसले. “तू असं म्हणालीस म्हणून तर माझी खात्री पटली. मृण्मयी, तू कॉलेजात असताना आमच्या यादीत ग्राहक म्हणून होतीस, आठवतं? एक्केचाळीसांत तू सतरावी आहेस; तुझं नाव मी यादीत झाकून ठेवलं होतं. मी तुला उगाच नोकरी दिली नव्हती. सहा वर्षांत तू मोठ्या उत्साहाने तेवीस प्रस्ताव आणलेस, मी तेवीसही टाकून दिले. कौलघर उभं आहे ते त्याच्यावर.”

तेवीस प्रस्ताव. प्रत्येकासाठी केलेली जागरणं मृण्मयीला एकेक करून आठवली. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि रागात तिचं डोकं नेहमीच लख्ख चाले.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सर, नियम काय आहे? एका जरी उलट्या ग्राहकाची ओढ नव्वदच्या वर गेली की विसर्जन. कशाचंही?”

“कशाचंही. आजवर मी यंत्राचा शब्द एकदाही मोडलेला नाही.”

“मग माझी एक चाचणी घ्या. आत्ताच.”

तिने ओढमापकाचा चष्मा डोळ्यांवर चढवला, फोन हातात घेतला आणि चाचणीसाठी एक नवी वस्तू नोंदवली. नाव: उलट होकायंत्र. निर्माते: डॉ. पराग टिल्लू. मग तिने होकायंत्राचे आराखडे, समीकरणं, पहिल्या वर्षीचे आलेख एकेक करून वर सरकवायला सुरुवात केली.

“हा काय पोरखेळ चाललाय?” टिल्लू अर्धवट उठले.

“पोरखेळ नाही सर. तुमचा मला आत्ता इतका राग आलाय की तुमच्याशी बोलूसुद्धा नये. पण हे यंत्र मला पहिल्या दिवसापासून आवडतं. इतकी देखणी कल्पना मी दुसरी पाहिली नाही. माझ्या मनात अजून तसंच आहे की रागाने ते गेलं, हे मलाही माहीत नाही. तुमच्या ओढमापकालाच विचारू या. त्याला फसवता येत नाही ना?”

साडेअकरा वाजून गेले होते. तिचा अंगठा वर सरकत होता. तिसऱ्या आलेखापाशी, जिथे एक्केचाळीस माणसांचे ठिपके गर्दीतून पहिल्यांदा वेगळे पडलेले दिसत, तिथे तो थबकला. तिला ते कळलंही नाही. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा आला: चौऱ्याण्णव. त्याखाली यंत्राने नेहमीसारखं लिहिलं: ही वस्तू बुडेल. विसर्जन करावे. हो की नाही?



“दोनच बटणं आहेत सर,” मृण्मयी शांतपणे म्हणाली. “‘हो’ दाबलंत तर होकायंत्र बंद, मग शब्दवेचकाला अडवायला कोणी उरत नाही. ‘नाही’ दाबलंत तर उलट्या ग्राहकाला आवडलेली गोष्ट चालू शकते हे तुम्ही मान्य केलंत. मग उज्ज्वलाबाईंना आवडलेलीही चालू शकते.”

टिल्लूंनी पळवाट शोधली. चांगली पाच मिनिटं शोधली; कपाळावर आठ्या, ओठांत पेन. आयुष्यभर त्यांनी तर्काशिवाय कशालाच मान दिला नव्हता, आणि आता तर्कच समोर ठाण मांडून बसला होता. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्याने हसले. या वेळी खरोखरचे.

“काय पोरगी आहेस!” ते म्हणाले. “तेवीस प्रस्ताव उगाच टाकले की काय मी?”

त्यांनी ‘हो’ दाबलं. पडदा काळा झाला. बाराला नमुन्याचे नग बंद करायचा आदेशही त्यांनी रद्द केला. मग त्यांनीच तौसीफ मुजावरला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, “पहिल्या महिन्यात किती नग देऊ शकाल?” पलीकडे तौसीफला ते खरं वाटेना, त्यांना तीनदा सांगावं लागलं.

मृण्मयी बाहेर येऊन खिडकीशी उभी राहिली. बाराला आठ मिनिटं होती. तिने अकोल्याचा नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली, आणि मग फोन उचलला तो एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजाने.

“हॅलो? कोन पायजे?”

“मी कौलघरातून मृण्मयी बोलतेय. उज्ज्वलाकाकू आहेत का?”

“थे दवाखान्यात गेली, गुडघा दाखवाले. मले सांगा नं काय सांगाचं थे. मले येते ऐकू.”